फाशी आणि तिची भावकी: वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

पावसाळ्याच्या तोंडावर या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत अचानक मेलेल्या जनावरांविषयीची पत्रे दरवर्षीच जास्त असतात. या वेळी त्यांतील बहुतेक पत्रे फाशी, म्हणजे काळपुळी किंवा अँथ्रॅक्स, आणि तिच्यासारख्याच बीजाणू धरून मातीत टिकणाऱ्या जिवाणूंच्या रोगांविषयी आहेत. म्हणून हा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: आमची धडधाकट दुभती गाय संध्याकाळी वैरण खाऊन बसली आणि पहाटे मेलेली सापडली. नाकातून आणि गुदद्वारातून काळपट रक्त येत होते, ते गोठतही नव्हते. गाईचा विमा असल्यामुळे आम्हाला शवविच्छेदनाचा अहवाल हवा होता. मात्र पशुधन विकास अधिकाऱ्यांनी शव फाडण्यास साफ नकार दिला, कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतले आणि गाय तशीच पुरण्यास सांगितले. जनावर न उघडता रोग कसा कळतो? ही टाळाटाळ तर नव्हे? (एक पशुपालक, जत तालुका)

उत्तर: टाळाटाळ मुळीच नव्हे. आपल्या अधिकाऱ्यांनी जे केले तेच योग्य होते, आणि ते का योग्य होते हे नीट समजून घेतले तर फाशीविषयीच्या निम्म्या शंका आपोआप मिटतील.

फाशीचा जिवाणू, बॅसिलस अँथ्रॅसिस, जनावराच्या रक्तात वाढतो तेव्हा तो साध्या कांडीच्या रूपात असतो. मरणाच्या वेळी एका मिलिलिटर रक्तात अशा कोट्यवधी कांड्या असू शकतात, पण या रूपात तो नाजूक असतो. शव बंदच राहिले तर आतला प्राणवायू लवकर संपतो, आतड्यांतील कुजवणारे जिवाणू सर्वत्र पसरतात आणि आपल्या हवामानात दोन-चार दिवसांत फाशीच्या बहुतेक कांड्या त्या कुजण्यातच नष्ट होतात. याउलट सुरी लागली आणि रक्त हवेत आले की प्राणवायूच्या संपर्काने त्याच कांड्या बीजाणू धरू लागतात. बीजाणू म्हणजे जिवाणूने स्वतःभोवती घातलेले जाड, कोरडे कवच असते. त्याच्या आत तो खात नाही, वाढत नाही, आणि ऊन, थंडी, दुष्काळ यांना दादही देत नाही. म्हणजे गाय मारणारा जिवाणू गाईबरोबर संपण्याच्या बेतात असतो, आणि पुढची कित्येक वर्षे तो शिवारात राहील की नाही हे शव फाडणारा माणूस ठरवतो. नाका-तोंडातून आधीच वाहिलेल्या रक्तात काही बीजाणू तयार होतातच. ते टळत नाही, पण छाती-पोट उघडल्यावर सांडणाऱ्या रक्ताच्या मानाने ते फार थोडे असतात.

हे बीजाणू प्रथम नीट पाहिले ते रॉबर्ट कॉख यांनी. त्या वेळी ते प्रशियातील वोलस्टाइन या लहान गावी (आता हे गाव पोलंडमध्ये आहे) जिल्हा वैद्यकीय अधिकारी होते आणि राहत्या घरातच त्यांनी आपली प्रयोगशाळा मांडली होती. जनावराच्या डोळ्यातील स्वच्छ द्रवाच्या थेंबात त्यांनी फाशीच्या कांड्या वाढवल्या. त्या लांबून दोऱ्यासारख्या झाल्या, दोऱ्यांत चमकदार ठिपके ओळीने उमटले, आणि नव्या थेंबात तेच ठिपके पुन्हा कांड्या झाले. १८७६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. एखादा विशिष्ट जंतू एखादा विशिष्ट रोग करतो याचा तो पहिला भक्कम पुरावा मानला जातो, आणि तो गुरांच्या रोगातून मिळाला, हे आम्हा पशुवैद्यकांना जरा अभिमानाने सांगावेसे वाटते.

आता निदानाविषयी. काचपट्टीवरील रक्त सुकवून पॉलिक्रोम मिथिलिन ब्लू या रंगद्रव्याने रंगवले, की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या, चौकोनी टोकांच्या कांड्यांच्या साखळ्या दिसतात आणि त्यांच्याभोवती गुलाबी-जांभळ्या आवरणाची कडा दिसते. ही खूण १९०३ साली जॉन मॅकफॅडियन यांनी वर्णन केली आणि आजही गावपातळीवर तिच्याइतकी स्वस्त आणि झटपट तपासणी नाही. जनावर मरून बराच वेळ झाला असेल, किंवा मरण्यापूर्वी त्याला पेनिसिलिन टोचलेले असेल, तर काचपट्टीवर काही सापडत नाही. अशा वेळी अस्कोलीची अवक्षेप चाचणी (जिवाणूचे उरलेले अंश ओळखणारी) किंवा पीसीआर (जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी करावी लागते, आणि त्यासाठी नमुना पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागासारख्या प्रयोगशाळेकडे जातो. म्हणून आधी कोणती इंजेक्शने दिली होती ते डॉक्टरांपासून लपवू नये.

विम्यासाठी शवविच्छेदन का केले नाही याचे पशुवैद्यकाचे लेखी कारण, रक्तनमुन्याचा अहवाल, पंचनामा आणि कानातील बिल्ल्यासह छायाचित्रे जोडावीत. फाशी हा पशूंमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यातील अनुसूचित रोग आहे. त्याच्या संशयावरून शव न उघडणे ही त्रुटी नसून दक्षता आहे, असे विमा कंपनीला ठामपणे लिहावे.

प्रश्न: फाशीने मेलेले जनावर पुरावे की जाळावे? पुरताना चुना टाकावा असे ऐकत आलो, पण एका शिबिरात चुना टाकू नका असे सांगितले गेले. खरे काय? (सरपंच, आटपाडी तालुका)

उत्तर: जाळणे सर्वांत चांगले, पण ते पूर्ण जाळणे असले पाहिजे. मोठ्या बैलाला राख होईपर्यंत जाळायचे तर खाली हवा खेळेल असा चर खणावा लागतो आणि गाडीभर लाकूड लागते. वरून टायर आणि रॉकेल टाकून कातडे करपवणे म्हणजे जाळणे नव्हे. त्यात पोट फुटते आणि आतले रक्त मातीत उतरते. इतके सरपण जमणार नसेल तर खोल पुरलेले बरे.

खड्डा असा खणावा की जनावर ठेवल्यानंतर त्याच्या वर किमान सहा फूट मातीचा थर बसेल. जागा विहीर, ओढा, पाझर तलाव आणि चराऊ रान यांपासून दूर, पुराचे पाणी न चढणारी असावी. शव ट्रॅक्टरला दोर बांधून फरफटत नेऊ नये. वाटेवर जेवढे रक्त गळेल तेवढी वाट दूषित होते. शक्य असेल तर खड्डा शवाच्या शेजारीच घ्यावा. हलवावेच लागले तर नाक, तोंड आणि गुदद्वार यांत जंतुनाशकात भिजवलेल्या कापसाचे बोळे घालावेत आणि शव जाड ताडपत्रीत गुंडाळून उचलून न्यावे. रक्त सांडलेली वरची माती, त्याच्या दावणीतील उरलेली वैरण आणि खालचे अंथरूण हे सर्व त्याच खड्ड्यात जावे. गोठ्यातील जमिनीवर दहा टक्के फॉर्मेलिन मारतात, पण त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला बाधते, म्हणून ते काम दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांवर सोपवावे. घरातले फिनाइल बीजाणूंपुढे निरुपयोगी आहे. शव ताब्यात येईपर्यंत कुत्री आणि कावळे त्याला तोंड लावणार नाहीत अशी राखण ठेवावी, कारण त्यांनी कातडे फाडले तर सुरीने केले असते तेच नुकसान होते.

चुन्याबाबत आपण ऐकलेली दोन्ही मते खरीखुरी प्रचलित आहेत. आपल्याकडील सरकारी सूचनांत खड्ड्यात चुना टाकावा असे असते. दुसऱ्या बाजूने, बीजाणूत कॅल्शियम असते आणि चुनखडीच्या मातीत हे बीजाणू जास्त टिकतात, म्हणून चुना त्यांना मारण्याऐवजी जपतो असा आक्षेप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेनेही या आक्षेपाची दखल घेतली आहे. माझे मत असे, की चुन्याने वास कमी होतो आणि कुत्री उकरत नाहीत, एवढाच त्याचा भरवशाचा उपयोग आहे. स्थानिक अधिकारी टाकायला सांगत असतील तर वाद न घालता वरच्या थरांत टाकावा, पण चुना टाकला म्हणून खड्डा चार फुटांवर थांबवला असे होऊ नये.

प्रश्न: आमच्या गायरानाच्या एका कोपऱ्यात माझ्या लहानपणी फाशीची गुरे पुरली होती. जुनी माणसे तिथे गुरे घालत नसत. आता नवीन पोरे तिथे बिनधास्त चारतात. इतक्या वर्षांनी धोका उरतो का?

उत्तर: उरू शकतो, आणि जुन्या माणसांचा नेम शास्त्राला धरून होता. फ्रान्समध्ये बोस प्रांतातील मेंढपाळही असे काही विवक्षित माळ ‘शापित’ म्हणून टाळत. १८८० च्या सुमारास लुई पाश्चर यांनी अशा मातीतील गांडुळे तपासून, पुरलेल्या शवांजवळचे बीजाणू गांडुळे वर आणत असावीत असे दाखवून दिले. पुढच्या काळात पुराचे पाणी, नांगरट आणि उकरणारी जनावरे यांनाही तेवढेच, किंबहुना अधिक, जबाबदार धरले गेले.

बीजाणू किती टिकतात याचे नेमके उदाहरण हवे असेल तर स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळचे ग्रिनार्ड बेट पाहावे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ आणि १९४३ मध्ये, ब्रिटिश सरकारने तेथे मेंढ्या बांधून फाशीच्या बीजाणूंचे बॉम्ब फोडून पाहिले. त्यानंतर हे बेट चार दशके माणसांना बंद राहिले. १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात मिसळलेले २८० टन फॉर्माल्डिहाइड जमिनीवर फवारले गेले, मग मेंढ्या सोडून पाहिल्या, आणि १९९० मध्ये ते सुरक्षित जाहीर झाले. बेट सुमारे दोन चौरस किलोमीटरचेच आहे. एखाद्या तालुक्याचे गायरान अशा पद्धतीने धुऊन काढणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही.

सायबेरियातील यामाल द्वीपकल्पावर २०१६ च्या उन्हाळ्यात विलक्षण उष्मा झाला, कायम गोठलेल्या जमिनीचा वरचा थर नेहमीपेक्षा खोलवर वितळला आणि दोन हजारांहून अधिक रेनडिअर फाशीने मेले. बारा वर्षांचा एक मुलगाही दगावला. तेथे त्यापूर्वीची साथ १९४१ साली आली होती, आणि इतकी वर्षे काही घडले नाही म्हणून २००७ मध्ये लसीकरण थांबवण्यात आले होते. माझ्या मते वितळलेल्या बर्फाइतकाच हा थांबवलेल्या लसीचाही परिणाम होता. बातम्यांत मात्र बर्फच गाजला.

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण वेगळी अडचण आहे. फाशीचे बीजाणू कॅल्शियमयुक्त, किंचित विम्ल (अल्कधर्मी) मातीत अधिक टिकतात, आणि दख्खनच्या पठारावरील आपली चुनखडीयुक्त काळी माती साधारण त्याच प्रकारात मोडते. लांबलेल्या उन्हाळ्यानंतर वळीव पडतो, पाणी उताराने वाहत सखल जागी साचते आणि मातीतले बीजाणूही तेथेच गोळा होतात. उन्हाळ्यात गवत मुळापर्यंत खुरटलेले असते, म्हणून गुरे मातीसकट गवत उपटतात, आणि काट्यांनी, खरबरीत धसकटांनी तोंडात जखमा झालेल्या असतात. साथ नेमकी याच दिवसांत का येते हे यावरून लक्षात यावे.

तेव्हा तो कोपरा दगड रचून किंवा काटेरी कुंपण घालून बंद करावा, ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्याची नोंद करून ठेवावी, आणि तेथे मुरूम काढणे, शेततळे खणणे अशी कामे होऊ देऊ नयेत. आपल्यासारख्या जाणत्या माणसांच्या आठवणीवर गाव किती काळ चालणार?

प्रश्न: फाशीची लस दरवर्षी सर्वच जनावरांना का देत नाहीत? आणि लस टोचल्यावर माझ्या दोन शेळ्यांना गाठ आली, एकीला ताप भरला. लस खराब होती का?

उत्तर: लस खराब नव्हती. ही जिवंत बीजाणूंची लस आहे. टोचलेल्या जागी थोडी सूज आणि दोन-तीन दिवस ताप येणे अपेक्षित असते, आणि शेळ्यांत ते गाईंपेक्षा अधिक दिसते. सूज वाढत गेली किंवा शेळीने खाणे सोडले तर मात्र दाखवावे.

आज जगभर वापरली जाणारी लस दक्षिण आफ्रिकेतील ओंडरस्टेपोर्ट येथे मॅक्स स्टर्न यांनी १९३७ साली तयार केली. आवरण न धरणारा एक वाण त्यांना सापडला. रक्तातील पांढऱ्या पेशींपासून फाशीचा जिवाणू ज्या आवरणामुळे वाचतो तेच या वाणात नसल्याने तो जनावराला मारू शकत नाही, पण जनावराच्या शरीराला फाशीच्या विषाची ओळख मात्र करून देतो. त्यापूर्वीची पाश्चर यांची लस १८८१ मध्ये पुई-ल-फोर येथील जाहीर प्रयोगात गाजली होती. पाच मे आणि सतरा मे रोजी लस, एकतीस मे रोजी जहाल जिवाणू, आणि दोन जूनला जमलेल्या लोकांसमोर लस दिलेल्या मेंढ्या चरत होत्या, तर न दिलेल्या मेल्या होत्या किंवा मरणपंथाला लागल्या होत्या. पण त्या लसीची ताकद प्रत्येक वेळी सारखी उतरत नसे. स्टर्न यांच्या वाणाने तो घोळ संपवला.

ही लस सर्वत्र न देता, जेथे पूर्वी फाशी झाल्याची नोंद आहे अशाच गावांत आणि भोवतालच्या टापूत वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी देण्याचे धोरण आहे. ज्या गावात रोग कधी झालेलाच नाही तेथे जिवंत बीजाणूंची लस उगाच टोचण्याचे कारण नाही. येथेच सर्व गाडे अडते. नोंद असेल तर लस, आणि नोंद केव्हा, तर मेलेल्या जनावराची खबर दवाखान्याला दिली तर. गुपचूप कातडे सोलून, हाडे व्यापाऱ्याला विकून प्रकरण मिटवणारे गाव पुढच्या वर्षीच्या लसीच्या यादीतून स्वतःचे नाव आपल्या हातांनी कापते.

एक गोष्ट वारंवार चुकते. लस जिवंत असल्यामुळे टोचण्याच्या आधीचे आणि नंतरचे साधारण दहा-पंधरा दिवस जनावराला प्रतिजैविक देऊ नये, नाहीतर लसच मरते. कळपात फाशी निघाली आणि इतर जनावरांना ताप आहे, तर ताप असलेल्यांना पेनिसिलिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि ताप नसलेल्यांना लस, असे दोन गट डॉक्टर करतात. औषध दिलेल्या गटाला लस नंतर. त्यासाठी काही दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान घ्यावे लागते. थर्मामीटर घरी ठेवण्यासारखी दुसरी स्वस्त गुंतवणूक गोठ्यासाठी नाही.

प्रश्न: वासराचा मागचा पाय सुजला, ते लंगडू लागले, सुजेवर हात दाबला की चरचर आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी मेले. शेजारी म्हणाले फाशी, डॉक्टर म्हणाले फऱ्या. दोन्हींत फरक कसा ओळखावा? घटसर्पही यातलाच का?

उत्तर: आपले डॉक्टर बरोबर होते. फऱ्या किंवा एकटांग्या हा क्लॉस्ट्रिडियम शोव्हाय या जिवाणूचा रोग आहे. तोही बीजाणू धरतो आणि मातीत राहतो, पण फाशीच्या उलट त्याला वाढण्यासाठी प्राणवायू नसलेली जागा लागते. ती त्याला मांडीच्या, खांद्याच्या, मानेच्या जाड मांसात मिळते. तेथे तो वायू तयार करतो, म्हणून सुजेवर बोट दाबले की चरचरते. सुरुवातीला सूज गरम आणि दुखरी असते, नंतर थंड, बधिर आणि काळसर पडते. सहा महिने ते दोन वर्षे वयाची, अंगाने चांगली भरलेली वासरे याला जास्त बळी पडतात, त्यामुळे गोठ्यातले सर्वांत देखणे वासरू गेले अशी हळहळ या रोगात हमखास ऐकू येते. अगदी लवकर, पहिल्या काही तासांत, पेनिसिलिन मोठ्या मात्रेत दिले तरच एखादे वाचते. लस स्वस्त आहे आणि मे महिन्यात घ्यावी.

फाशीत अशी चरचरणारी सूज नसते. ताप १०६ ते १०७ अंश फॅरेनहाइटपर्यंत चढतो, जनावर थरथरते, धापा टाकते आणि कोसळते. पुष्कळदा ते मेलेलेच सापडते. शव झपाट्याने फुगते, पाय नीट ताठत नाहीत आणि नैसर्गिक छिद्रांतून डांबरासारखे काळे रक्त येते.

घटसर्पाचा जिवाणू पाश्चुरेला आहे. तो बीजाणू धरतच नाही आणि ओल्या दिवसांत जनावरांकडून जनावरांकडे पसरतो. त्यात घशाला सूज, घुरघुर आणि तोंडातून लाळ ही लक्षणे ठळक असतात. तिन्हींची एकच खूणगाठ बांधून ठेवावी: अचानक मेलेल्या जनावराच्या छिद्रांतून रक्त येत असेल, तर तपासणी होईपर्यंत ती फाशी समजावी आणि सुरी खाली ठेवावी.

प्रश्न: आमच्या वाड्यात रात्रीत चार मेंढरे मेली, तीही सर्वांत तगडी. रक्त कुठेच नव्हते. आदल्या दिवशी बाजरी काढलेल्या रानात चारली होती. ही फाशी का? (मेंढपाळ, माण तालुका)

उत्तर: वर्णनावरून हा आंत्रविषार वाटतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स ड प्रकार हा जिवाणू मेंढराच्या आतड्यात थोड्या संख्येने एरवीही असतो. सांडलेले दाणे किंवा पावसानंतरचे कोवळे, लुसलुशीत गवत मेंढराने अधाशासारखे खाल्ले, की न पचलेले पिष्ट आतड्यात उतरते, जिवाणू बेसुमार वाढतो आणि त्याचे विष रक्तात शिरून मेंदू आणि मूत्रपिंडे निकामी करते. सर्वांत धष्टपुष्ट मेंढरे सर्वांत जास्त खातात, म्हणून तीच आधी जातात. मरताना मान मागे ताणणे, पाय झाडणे, दात खाणे दिसते. अशा शवाचे विच्छेदन पशुवैद्यक करू शकतात, पण फाशी नसल्याची काचपट्टीवर खात्री करून घेतल्यावरच.

औषधाला वेळच मिळत नाही, त्यामुळे सारा भर लसीवर ठेवावा. प्रथम लस घेणाऱ्या मेंढरांना दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, नंतर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक. गाभण मेंढ्यांना विण्याआधी लस दिली तर चिकातून कोकरांनाही पहिले काही आठवडे संरक्षण मिळते. सुगीनंतर नवीन रानात कळप एकदम दिवसभर सोडू नये. पहिले दोन-तीन दिवस थोडा वेळ चारून बाहेर काढावा, आणि सकाळी रानात घालण्यापूर्वी थोडी कोरडी वैरण टाकावी.

प्रश्न: मेलेल्या बैलाचे कातडे काढणाऱ्या आमच्या गावातील एकाच्या मनगटावर फोड आला, तो काळा पडला, पण दुखत नाही. गावात काहींनी मांसही खाल्ले आहे. काय करावे?

उत्तर: हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता आपल्याला दूरध्वनीने कळवले आहे. इतर वाचकांसाठी येथे लिहितो.

माणसाला होणाऱ्या फाशीपैकी पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक ही त्वचेची असते. कातडीवरील बारीक खरचटीतून बीजाणू शिरतात. साधारण एक ते सात दिवसांत कीटक चावल्यासारखी पुटकुळी उठते, तिचा फोड होतो, भोवती सूज पसरते आणि मध्ये कोळशासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. उपचाराविना यातील दहा ते वीस टक्के रुग्ण दगावू शकतात. वेळेवर प्रतिजैविक मिळाले तर मृत्यू क्वचितच होतो. फोड फोडू नये, कापू नये, त्यावर पाला बांधू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना ‘मेलेल्या जनावराचे कातडे काढले होते’ हे वाक्य डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे. ते सांगितले नाही तर हा रोग डॉक्टरांच्या मनात येण्याचे कारणच नसते.

मांस खाल्लेल्यांनी लक्षणे नसली तरी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नोंद करावी. पोटातील फाशी त्वचेच्या फाशीहून घातक असते. ओडिशातील कोरापुट भागात मेलेल्या गुरांचे मांस कापल्याने आणि खाल्ल्याने माणसांत फाशी होण्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा नोंदले गेले आहेत. मेलेला बैल कापणाऱ्या माणसाला बीजाणू म्हणजे काय हे माहीत नसते असे नाही. घरात दुसरे मांस नसते आणि कातड्याचे चार पैसे येतात, हेही त्याला माहीत असते. त्यामुळे नुसती शिकवण पुरत नाही. नुकसानभरपाई वेळेत मिळाली तर खबर वेळेत मिळते, हा माझा नोकरीतील अनुभव आहे.

आजारी माणसापासून दुसऱ्याला हा रोग होणे अत्यंत दुर्मीळ आहे, तेव्हा रुग्णाला वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही. आजारी जनावराचे दूध मात्र वापरू नये, वासरालाही पाजू नये.

प्रश्न: माझी गाय उकिरड्यावरची हाडे चघळते. शेजारी म्हणतात, त्याने लकवा होतो. खरे आहे का?

उत्तर: खरे आहे. हाडे चघळणे हे बहुधा स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेचे लक्षण असते, आणि कुजलेल्या शवाच्या हाडांवर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे विष असू शकते. दक्षिण आफ्रिकेत गुरांचा हा रोग आणि त्यामागची स्फुरदाची उणीव यांचा संबंध अर्नोल्ड थायलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जोडून दाखवला. राजस्थानात जैसलमेरकडे गाईंना होणारा ‘कर्रा’ हाच. जिभेतील आणि पायांतील ताकद जाते, जनावर बसते ते उठत नाही, पण शुद्धीवर असते. २०१९ मध्ये सांभर सरोवरावर हजारो स्थलांतरित पक्षी मेले तेही याच विषाने.

गाईला खनिज मिश्रण रोज तीस ते पन्नास ग्रॅम आंबोणातून सुरू करावे. तोंडातील हाड काढून घेऊन तिला दटावण्यात अर्थ नाही, उद्या ती दुसरे शोधील. उकिरड्याला कुंपण घालावे आणि परिसरातील जुनी हाडे गोळा करून पुरावीत. हाडे उचलताना हातमोजे वापरावेत, कारण ती कोणत्या जनावराची आहेत आणि ते कशाने मेले हे आपल्याला ठाऊक नसते.